कसालची चार इंजेक्शनं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, फादरना तर नाहीच. एकीला अर्धंमुर्धं सांगितलं, तेही गेल्या आठवड्यात. पुरतं असं — पहिल्यापासून, काही न गाळता — आज पहिल्यांदाच सांगते आहे.

तुम्ही म्हणाल, नाताळ चार दिवसांवर आला, आणि ही बाई काय उकरत बसली आहे? घरात नेवऱ्यांचं सारण परतून पडलंय, पीठ तिंबायचंय. खरंच आहे. पण हात लागत नाही कशाला. म्हणून बसले.

आमच्याकडे नाताळाआधी कुमसाराला जायचं असतं. म्हणजे फादरपुढे गुडघे टेकायचे आणि वर्षभराची पापं सांगायची. मी दर वर्षी जाते, पहिल्या रांगेत. रागावले, निंदा केली, शुक्रवारचा उपवास मोडला... नऊ वर्षं हेच. फणसाची सालं-चारखंडं नेऊन द्यावीत आणि गरे घरी ठेवावेत, तसा माझा कुमसार. आणि उठताना चेहरा कसा? स्वच्छ! शिरा पडो त्या चेहऱ्यावर.

आधी मी कोण ते सांगते. मी फिलू. देवबागच्या आमच्या वाड्यात, म्हणजे वस्तीत, तेर्स सांगणारी. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना — संध्याकाळी बायका जमतात, एक जण सांगते, बाकीच्या उत्तर देतात. आधी माझी सासू सांगायची. ती गेल्यावर मणी माझ्या हातात आले आणि सायबिणीची मूर्तीही माझ्या घरी आली. सायबीण म्हणजे आमची मरियामाता. नाताळाआधीच्या नऊ दिवसांत ती रोज एकेका घरी जाते, एरवी वर्षभर माझ्याकडे. तिच्यापुढे खोबरेलाचा दिवा असतो. त्यातलं तेल बायका दुखण्याखुपण्याला नेतात. सासूही द्यायची, पण देताना म्हणायची, "तेल लाव, आणि डॉक्टराकडेव जा गो. सायबिणीक काय तेवढाच काम आसा?"

हे वाक्य मला तोंडपाठ होतं. लक्षात ठेवा हे.

दोन हजार सालचा नोव्हेंबर. दिवस वाईट होते. मोठ्या ट्रॉलरांनी समुद्र खरवडून नेलेला, रापणीला — आम्ही किनाऱ्यावरून जाळं ओढतो ना, त्याला — काही लागेना. आमची होडी पावसात फुटून पडलेली. त्यात माझ्या आंतोनच्या पायात शिंगाळ्याचा काटा गेला. शिंगाळा मासा मेलेला असला तरी त्याचा काटा विषारी. आंतोनचा पाय दोन दिवसांत भोपळ्याएवढा झाला.

बायका विचारायला आल्या. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "डॉक्टर कित्याक व्हयो? सायबीण आसा न्हय!" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. का म्हणाले? नव्यानेच मणी हातात आले होते. सासूची सर हिला येणार नाही, असं कुणीतरी मागे बोललेलं कानावर आलं होतं. त्या रविवारीच फादर प्रवचनात म्हणाले होते, "संकटात नजर देवावरून हलू देऊ नका." मला वाटलं, बघाच आता कशी ठेवते ती.

चौथ्या दिवशी पायाला वास यायला लागला. आंतोन रात्रंदिवस कण्हत होता. आणि मी घाबरले. देवावरची नजर वगैरे कुठच्या कुठे गेली. पण गावच्या दवाखान्यात कसं जायचं? तिथला कंपाउंडर आमच्याच वाड्यातला! मग कुडाळला दिराकडे जातो असं सांगून पहाटेची एसटी धरली. मालवणला उतरलो, तिथून कसाल. हायवेवरचं बाजारपेठेचं गाव, तिथं आम्हाला कुत्रंही ओळखत नव्हतं. डॉक्टरने जखम चिरली, पू काढला आणि चार दिवस इंजेक्शनं दिली. एका ओळखीच्या नसलेल्या बाईच्या पडवीत आम्ही चार रात्री काढल्या.

आंतोन थट्टेखोर माणूस. पहिल्या इंजेक्शनानंतर ठणका जरा उतरला, तर मला म्हणतो, "फिलू, सायबीण आता कसालाक ऱ्हवाक इली काय गो?"

मी त्याच्यावर डोळे वटारले. पण हसूही आलं. तेव्हा हसू येत होतं.

परत आलो तर आंतोन चालत आला. बायका दारात. "तेलान बरो झालो?" — आता इथं नीट ऐका. मी हो म्हटलं नाही. मी सायबिणीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. बस्स. बाकीचं त्यांनीच म्हटलं. फादरनी विचारलं, "औषध घेतलं ना?" तर मी म्हणाले, "देवाची कृपा, फादर." खोटं होतं का ते? कृपा तर होतीच. असं मी स्वतःला सांगत राहिले. महिन्याभरात मात्र माझ्या तोंडून पुरतं वाक्य बाहेर पडायला लागलं — औषध? टिपूस नाय! त्या नाताळाच्या प्रवचनात फादर म्हणाले, फिलूबाईकडे बघा, होडी फुटली, नवरा अंथरुणावर, पण नजर देवावर. सगळ्या चर्चने माना वळवून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. लाजून घातली असं त्यांना वाटलं.

आंतोन शेजारच्या रांगेत बसला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

आता रोजालीन. हे नाव लिहायलाच मला एवढा वेळ लागला.

रोजालीन आमच्या शेजारची. तिचा नवरा पेद्रू गोव्याच्या ट्रॉलरवर कामाला, नाताळालाच घरी यायचा. पदरात एकच मुलगी, लीना, अकरा वर्षांची. आमच्याकडे पोरीला चेडू म्हणतात; हे चेडू म्हणजे नुसतं वारा. रापण लागली की पहिली पाण्यात. पुढल्याच वर्षी, डिसेंबरच्या पंधरा तारखेला, जाळ्यातले मासे निवडताना ती शिंगाळ्यावर उभी राहिली. तोच काटा. पायही तोच, उजवा.

दुसऱ्या दिवशी रविवार, नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा पहिला दिवस. दुपारी आम्ही पाच-सहा जणी माझ्या पडवीत नाताळच्या फराळाची कुळकुळ वळत होतो. पिठाची गोळी नव्या फणीवर दाबायची आणि गुंडाळायची, रेघा उमटतात. रोजालीन आली. लीनाचा पाय सुजलाय म्हणाली. मालवणला डॉक्टरकडे नेऊ का, का तेल लावू?

"तू सांगशीत तसा करतंय फिलू. तुझ्या आंतोनाकव ह्योच काटो लागललो न्हय?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात फणी होती. आणि मी तुम्हाला शपथेवर सांगते, शब्द माझ्या जिभेवर आला होता. सासूचंच वाक्य. तेल लाव, आणि डॉक्टराकडेव जा. तेवढं म्हटलं असतं तर माझं खोटंही उघडं पडलं नसतं! कुणी विचारलं नसतं, तू का नाही गेलीस म्हणून. आणि विचारलं असतं तरी काय झालं असतं? थोडं हसल्या असत्या बायका. आठवडाभर गजाली झाल्या असत्या. एवढंच.

मी म्हणाले, "नऊ दिस तेर्स म्हणूया. तेल लाव. विश्वास मात उणो पडाक देव नको."

आणि पुढची कुळकुळ वळली.

तुम्ही विचाराल, मला तेव्हा तेलावर खरंच विश्वास होता का? नव्हता. हेच तर सांगायचं आहे. विश्वास असता तर मी वेडी ठरले असते, भोळी ठरले असते. मी ते चार दिवस कसालला काढून आले होते. मला ठाऊक होतं.

रोज संध्याकाळी तेर्स संपला की मी लीनाच्या पायाला तेल लावायला जायचे. तिसऱ्या दिवशी पाय चकाकायला लागला. ती रडायची नाही, शहाणी. मला विचारायची, "मावशे, आंतोनकाकाचो पाय कितक्या दिसांनी बरो झालो?" मी म्हणायचे, आठ-नऊ. पाचव्या दिवशी दार उघडलं आणि तोच वास आला. तोच. मी पडदा धरून उभी राहिले. रोजालीन चुलीकडे होती, तिने विचारलं, "कसा वाटता गो?" मी म्हटलं, "दम धर जरा. असाच होता मधी." खाली बसले, तेल लावलं, उठून घरी आले, आणि त्या रात्री जेवलेसुद्धा.

सहाव्या दिवशी आंतोनने मला मागच्या दारी गाठलं. थट्टेचा मागमूस नव्हता. म्हणाला, "तू सांगतलंस, काय मी सांगू?"

यानंतर मी जे बोलले ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण मग आज बसलेच कशाला? मी म्हणाले, "तू तोंड उघडलंस तर माका खाडीत सोधूचा लागतला." शांतपणे म्हणाले. चुलीतलं लाकूड आत सारावं तसं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी करीन की नाही हे त्याला कळेना. मलाही माहीत नव्हतं, पण त्याला घाबरवायचं होतं, आणि तो घाबरला. समुद्राला कधी न घाबरलेला माणूस.

चोवीस तारखेला दुपारी पेद्रू आला. खांद्यावर पिशवी, पिशवीत चांदणीचा कंदील. त्याने पोरीचं पांघरूण काढलं, पाय बघितला आणि तसाच तिला उचलून अनवाणी रिक्षाकडे धावला. चांदणी अंगणातच पडून राहिली. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. त्या रात्रीच्या मिसाला, म्हणजे नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला, मी पहिल्या रांगेत होते. सगळ्यांबरोबर लीनासाठी प्रार्थना केली, मोठ्या आवाजात. माझा आवाज चांगला आहे असं सगळेच म्हणतात.

पाय घोट्याच्या वर कापावा लागला. जीव वाचला.

आणि बघा, इथवर जे सांगितलं ते काहीच नाही. खरं पाप इथून पुढे.

फेब्रुवारीत रोजालीन माझ्याकडे आली. मला वाटलं, आली भांडायला. मी तयार होते, काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ती आत आली, सायबिणीपुढे बसली आणि म्हणाली, "तुझो घोव बरो झालो, माझा चेडू नाय झाला. तेल एकच, काटो एकच. फिलू, माझोच विश्वास उणो पडलो गो. पाचव्या दिसाक माझ्या मनात इलेला, डॉक्टराकडे जाव या म्हणान. सायबिणीक कळला ता."

काय म्हणाले असेन मी?

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि म्हणाले, "सायबीण माफ करतली तुका."

मी. तिला. माफी.

त्यानंतर नऊ वर्षं. आमच्याकडे तेर्स सुरू करताना प्रत्येक बाईला विचारतात, तुझा हेतू काय — कशासाठी ही प्रार्थना. कुणी म्हणते मुलाच्या नोकरीसाठी, कुणी म्हणते रापणीला मासे लागू देत. रोजालीनचा हेतू नऊ वर्षं एकच. "माझ्या उण्या विश्वासाखातीर." तिचं म्हणून झालं की मी मणी पुढे सरकवते. नऊ वर्षं सरकवले. तिचा संसार सुकला, पेद्रू तिच्याशी धड बोलेनासा झाला — डॉक्टरकडे का नेलं नाहीस, यावर तिच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते ती द्यायची नाही, माझं नाव यायला नको म्हणून. मला झाकायची ती! आणि वाड्यातल्या बायका माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, फिलूसारखं व्हावं, काही झालं तरी डोळे देवाकडे. डोळे देवाकडे होते खरे. कान मात्र तुमच्याकडे होते गो बायांनो, सगळा वेळ.

लीनाचा पाय गेला त्या नाताळापासून आंतोनने तेर्साला बसणं सोडलं. मी सांगू लागले की तो उंबऱ्यावरून उठायचा आणि खाडीवर जाऊन जाळी शिवत बसायचा. तीन वर्षांमागे तो वारला. सगळी रडली, मीही रडले. पण शेवटची माती पडली तेव्हा — सांगू? — मला हलकं वाटलं. आता माहीत असलेलं कुणी उरलं नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि हे वाटलं.

गेल्या आठवड्यात दारात पावलं वाजली. एक मऊ, एक टणक. लीना. वीस वर्षांची झाली, बसवलेल्या पायाने सायकलसुद्धा चालवते. हातात बाटली.

"मावशे, आवशीन तेल मागल्यान. तिच्या बोटाक जखम झाली हा, साखरेच्या दुखण्याची. पंधरा दिस झाले, सुकणा नाय."

मी बाटली घेतली. सायबिणीपाशी गेले. दिवा उचलला आणि तेल ओतायला लागले, तर थेंब बाटलीत पडेना, बाजूला सांडायला लागला. पाठीमागे ती उभी. वळून बघायची गरज नव्हती, टणक पाय फरशीवर हलला की ऐकू येतं.

मी म्हटलं, "लीना, तिका डॉक्टराकडे ने. आजच ने. आंतोनाक मी कसालाक नेललंय. चार इंजेक्शना घेतलेली तेणा. तेलान काय एक जावक नाय."

सायबिणीकडे तोंड करूनच म्हटलं. तिच्याकडे बघून म्हणायची छाती झाली नाही. खाडीची धमकी सांगितली नाही, पाचव्या दिवसाचा वास सांगितला नाही. ते आज लिहिते आहे.

टणक पाय फरशीवर एक पाऊल पुढे आला. मग तिने विचारलं, "कितके दिस?"

"चार."

"चारच?"

रडली असती, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती निघाली. बाटली माझ्याच हातात राहिली. अंगणातून आवाज लांबपर्यंत येत होता, मऊ, टणक, मऊ, टणक. दुसऱ्या दिवशी दोघी मालवणला डॉक्टरकडे गेल्या, एवढं कळलं. आईला तिने काय सांगितलं, काय नाही, ते कळलं नाही. मी गेलेच नाही विचारायला.

काल सायबीण रोजालीनच्या घरी होती. मला जावंच लागलं, मणी माझ्या हातात ना! सगळ्या जमल्या होत्या. रोजालीन भिंतीला टेकून बसलेली, बोटाला पांढरी पट्टी, जखम सुकत आली आहे असं कुणीतरी म्हणालं. लीना तिच्या शेजारी. मी हेतू विचारायला सुरुवात केली. एक झाली, दुसरी झाली. रोजालीनची पाळी आली. मी तिचं वाक्य ऐकायला मान खाली घातली, सवयीने.

ती म्हणाली, "आज माझो हेतू नाय. तुझो सांग."

सगळ्यांना वाटलं, सांगणारीला कधी कुणी विचारत नाही म्हणून ही मायेने विचारते आहे. माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा. रोजालीन हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. नुसती वाट बघत होती.  दिव्याची वात तडतडली. घरात दहा बायका, प्रत्येकीला माझा शब्द म्हणजे शब्द. एवढी उघडी वाट नऊ वर्षांत कुणी करून दिली नव्हती मला.

मी म्हणाले, "सगळ्यांच्या आरोग्याखातीर."

आणि तेर्स सुरू केला. सगळ्यांनी उत्तर दिलं. रोजालीनने दिलं नाही. पन्नास मणी, एकदाही नाही. माझा आवाज कुठेही कापला नाही, ते मात्र सांगते.

काल सांगितला नाही तो हेतू आता लिहिते. हा कागद वाड्यात कुणीही वाचावा. आंतोनचा पाय कसालच्या इंजेक्शनांनी बरा झाला. ते मला माहीत होतं. लीनाचा पाय मी घालवला. रोजालीनचा विश्वास कधीच उणा नव्हता.